‘एक हात मारा आणि मोकळे व्हा’ हे मला पटत नाही

मुक्ता_सहकारनगर

काल ‘स्पष्टवक्ता’ यांनी जुना फ्लॅट विकण्याबद्दल लिहिलं होतं. म्हणणं थोडक्यात असं : विकायच्या घरात एक रुपयाही घालू नका, घेणारा सगळं फोडणारच आहे. ओलीचे डाग दिसत असतील तर पुट्टी भरून रंगाचा एक हात मारा आणि मोकळे व्हा. त्याखाली ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्यांची रांग लागली आहे. मी तिथेच उत्तर लिहायला बसले, पण लांबलं, म्हणून हा वेगळा धागा.

आईचा फ्लॅट आम्ही दोघी बहिणींनी मागच्या वर्षी विकला. सहकारनगर, १९८८ ची इमारत, दुसरा मजला. बाथरूम आणि हॉलमधल्या भिंतीला हॉलच्या बाजूने गुडघ्यापर्यंत ओल होती. आईचा दिवाण त्याच भिंतीला टेकलेला, त्यामुळे कितीतरी वर्षं आमच्या लक्षातच आलं नाही. दिवाण हलवला तर मागे पोपडे, त्यावर मिठासारखे पांढरे क्षार. नखाने खरवडलं की प्लास्टरचा भुगा खाली.

एजंट म्हणाला, “ताई, अठरा हजारांत पुट्टी आणि रंग करून देतो. मे संपायच्या आत सौदा उरकू, पावसाळ्यात परत दिसेल.” हे शेवटचं तो इतक्या सहज बोलला की मी बघतच राहिले. म्हणजे जुलैमध्ये त्या भिंतीसमोर जे कोणी उभं राहील त्याचं त्याने बघून घ्यावं.

आम्ही बाथरूम फोडलं. आतले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप गंजलेले, एका एल्बोपाशी, म्हणजे वळणाच्या जोडापाशी, पाणी झिरपत होतं. न्हाणी ट्रॅपच्या, म्हणजे मोरीच्या जाळीखाली पाणी उतरतं त्या भांड्याच्या, भोवतीचा कोबाही सुटलेला. पाइप सगळे सीपीव्हीसीचे (न गंजणाऱ्या प्लास्टिकचे) टाकले, ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग केलं, ४८ तास पाणी साचवून ठेवलं आणि मगच फरशी बसवली. एक लाख चाळीस हजार आणि तीन आठवडे गेले. भिंत पूर्ण वाळायला आणखी महिना. तोवर हॉलला रंगसुद्धा लावला नाही.

घर बघायला येणाऱ्याला मी पहिल्यांदा ती भिंत दाखवायचे, मग फोटो आणि बिलं. जुन्या पाइपचा वीतभर तुकडा जपून ठेवला होता, आत गंज चढून जेमतेम पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलेलं. जिने घर घेतलं त्या मुलीच्या वडिलांनी तो तुकडा डोळ्याला लावून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “यांनी हे दाखवलं म्हणजे बाकीचंही खरं सांगत असतील.” काम करायच्या आधी सत्तरच्या वर कोणी बोलत नव्हतं, सौदा साडेपंचाहत्तर लाखांना झाला.

गळतंय ते दुरुस्त करा, आणि काय केलं ते सांगून विका. नुसता रंग मारणं ही दुरुस्ती नाही.

स्पष्टवक्ता

मी काय लिहिलं होतं ते अर्धंच घेतलंत. माझा मुद्दा पैशांचा होता.

वडिलांचा नाशिकचा फ्लॅट विकताना भावाच्या आग्रहाखातर तीन लाखांचं मॉड्युलर किचन केलं. घेणाऱ्याने महिनाभरात ते उचकटून खाली टेम्पोत टाकलं, त्याला ओट्याची दिशा बदलायची होती. वडिलांच्या औषधपाण्यातून वाचलेले पैसे होते ते. म्हणून म्हणतो, घालू नका.

शिवाय १९८८ ची इमारत म्हणजे पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर. २०१९ पासून त्याला सोसायटीच्या ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. घेणारा जागेचे पैसे देतो, तुमच्या ट्रॅपचे नाही. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा माणूस, मंजूर नकाशा, क्षेत्रफळ आणि इमारतीचं वय बघतो. साडेपंचाहत्तर मिळाले ते दोन-तीन महिन्यांत भाव सरकले म्हणूनही असेल. एका सौद्यावरून नियम निघत नाही.

पत्रीपूल

स्पष्टवक्ते, तुमचा ‘एक हात’ माझ्या घरात आहे. या आणि बघा.

फेब्रुवारी २०२१, डोंबिवली. मुद्रांक शुल्काची सवलत ३१ मार्चला संपणार म्हणून आम्ही घाईत होतो. घर चकचकीत, नवा रंग, बेडरूममध्ये भिंतभर नवं कपाट. बायको म्हणाली, बरं झालं, कपाटाचा खर्च वाचला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुलीचे शाळेचे कपडे काढले तर त्यांना वास. कपाटाची पाठ हाताला ओली लागली. सुताराने कपाट सोडवलं तेव्हा मागची पुट्टी पापुद्र्यासारखी अख्खी खाली आली. आत काळी भिंत. ते कपाट कपड्यांसाठी केलेलंच नव्हतं, ती भिंत झाकायला केलेलं होतं.

मुलीला तेव्हापासून दम्याचा पंप लागतो. ओलीमुळेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण त्या खोलीत झोपवू नका एवढं म्हणाले. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर आलं, “तुम्ही बघून घेतलंत ना?”

रंगसंगती

मी घरं विक्रीसाठी तयार करून देण्याचं काम करते, बाणेर-औंध भागात. त्यामुळे सगळी सजावट म्हणजे फसवणूक असा सूर लागायच्या आत बोलते.

लोक आधी फोनवर फोटो बघतात. फोटोत माळ्यावरून लोंबणाऱ्या गाद्या, चार कॅलेंडरं, पिवळा बल्ब दिसला की बोट पुढे सरकतं, तुमचं घर कितीही कोरडं असो. माळा रिकामा करा, खिडक्यांच्या जाळ्या धुवा, निम्मं सामान हलवा, दिवे बदला. पंधरा-वीस हजारांत घर मोठं वाटायला लागतं. रिकाम्या फ्लॅटमध्ये भाड्याचा पलंग आणि सोफा मांडला तर खोलीत काय मावतं ते कळतं. ही घेणाऱ्याचीच सोय आहे. देवघर आणि घरातल्यांचे फोटोही मी काढायला सांगते, कारण येणाऱ्याला ते आपलं घर म्हणून डोळ्यांपुढे आणता आलं पाहिजे.

मुक्ता_सहकारनगर

माळा, जाळ्या, दिवे सगळं मान्य, आम्हीही केलं. फोटोंचं मात्र नाही.

आईला जाऊन चार महिने झाले होते. एजंटने एका जोडप्यासमोर चंदनाचा हार घातलेल्या तिच्या फोटोकडे बोट करून विचारलं, “हा काढून ठेवता येईल का? लोकांना बरं वाटत नाही.” माझी बहीण आत जाऊन रडली. त्या घरात ती माऊली छत्तीस वर्षं राहिली. घराचा ताबा देईपर्यंत फोटो तिथेच राहिला, सौदा त्याच्यासमोर झाला.

रंगसंगती

वाईट वाटलं वाचून. त्याने ज्या पद्धतीने विचारलं ते चुकलंच. मी घरच्यांशी एकट्याने बोलते. पण काढायला सांगते हेही खरं आहे, आणि त्याने फरक पडतो हेही.

पत्रीपूल, भिंत झाकायला कपाट करून द्या असं मला दोनदा सांगितलं गेलंय. एकदा मी केलं. आज तुमचं वाचून ते सांगणं भाग आहे.

पत्रीपूल

कोणत्या इमारतीत केलंत तेवढं तिथल्या माणसांना जाऊन सांगा.

खतावणी

कायद्याचं आणि कराचं थोडं.

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५. घरात महत्त्वाचा दोष असेल, विकणाऱ्याला तो ठाऊक असेल आणि घेणाऱ्याला सर्वसाधारण काळजी घेऊनही दिसण्यासारखा नसेल, तर तो सांगणं विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. सांगितलं नाही तर कायदा त्याला कपट मानतो. ‘बघून घेतलंत ना’ हे उत्तर उघड्या भिंतीला लागू पडतं, मुद्दाम कपाटाआड लपवलेल्या ओलीला नाही. अडचण पुराव्याची असते. विकणाऱ्याला आधी माहीत होतं हे दाखवावं लागतं, म्हणून कपाट काढतानाचे फोटो, सुताराचं आणि खालच्या-वरच्या शेजाऱ्यांचं म्हणणं जपून ठेवावं.

कर : २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के, इंडेक्सेशन (खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरणं) नाही. घर त्या तारखेआधी घेतलेलं असेल तर निवासी व्यक्तीला इंडेक्सेशनसह २० टक्क्यांनी हिशोब करून जो कर कमी येईल तो भरता येतो. रंगरंगोटी आणि किरकोळ डागडुजी साधारणपणे नफ्यातून वजा होणाऱ्या सुधारणेच्या खर्चात धरत नाहीत. बिलं मात्र सगळी ठेवा.

गच्चीखालचा

खतावणी, कलम वाचून दाखवणं सोपं आहे. माझं ऐका.

चौथा मजला, वर गच्ची. सात पावसाळे बेडरूमच्या छतातून पाणी येतंय. मी पंख्याची वायर काढून ठेवली आहे. जूनमध्ये पलंग दाराकडे ओढायचा आणि जिथे ठिबकतं तिथे दोन पातेली ठेवायची. सोसायटी म्हणते, डोक्यावरचं तुमचं तुम्ही बघा. आता निवृत्त झालो, मुलाजवळ जायचं आहे, घर विकायचं आहे. खरं सांगितलं तर लोक पाच-सात लाख पाडून मागतात. चूक सोसायटीची आणि भुर्दंड मला?

खतावणी

गच्चीतून येणारं पावसाचं पाणी थांबवण्याचा खर्च सोसायटीचा, हे आदर्श उपविधींत (सोसायट्यांच्या नमुना नियमांत) स्पष्ट आहे. संडास-मोरीमुळे घरातल्या घरात होणारी गळती संबंधित सभासदाची. आधी सोसायटीला लेखी अर्ज, मग सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार.

गच्चीखालचा

तीन अर्ज दिले. पोचही आहे. दरवर्षी डांबराचा एक थर मारतात आणि सप्टेंबरात परत गळतं. खालच्या तीन मजल्यांवरचे लोक मतदानात जास्त, त्यांच्या छतातून पाणी येत नाही.

तळमजला_दादर

खालच्यांना काही त्रास नाही असं समजू नका. आमच्या वरच्या बाईंनी मोरी वाढवून घेतली, तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यांवर पाणी ठिबकतं. दार वाजवलं की म्हणतात, तुमचीच भिंत जुनी. शेवटी आमच्या खर्चाने त्यांची मोरी करून देतो म्हटलं, तर म्हणाल्या, आमचे पंधरा दिवस गैरसोयीचे जातील. वर राहणाऱ्या माणसाला खालच्याचं छत म्हणजे फक्त आपली जमीन वाटते.

गच्चीखालचा

मी वर राहतो म्हणून तुमच्या बाईंचा राग माझ्यावर काढू नका. माझ्या वर आकाश आहे.

पत्रीपूल

काका, सरळ विचारतो. गप्प राहून विकणार आहात का? कारण मग त्या पलंगावर उद्या माझ्यासारख्या कोणाची तरी मुलगी झोपणार आहे.

गच्चीखालचा

वयाने मोठ्या माणसाशी बोलताना जरा बेताने. सात वर्षं सहन केलं ते मी, एकानेही विचारलं नाही. आता सगळे मलाच नीती शिकवायला लागलात.

पत्रीपूल

शब्द कडक झाले, माफ करा. प्रश्न तोच आहे.

मुक्ता_सहकारनगर

काका, रागावू नका. गच्ची तुम्ही एकट्याने करायची नाहीच. पण पाच-सात लाख कमी होतात ते गळतीमुळे तेवढेच नाहीत, ती किती खोल आहे ते कळत नाही म्हणूनही होतात. एखाद्या चांगल्या कंत्राटदाराकडून गच्चीच्या पूर्ण कामाचा लेखी अंदाज घ्या. आकडा हातात असला की घेणारा तेवढाच वजा करतो, स्वतःच्या भीतीचे पैसे वर लावत नाही. तोच कागद सर्वसाधारण सभेत मांडता येईल.

गच्चीखालचा

अंदाज काढतो. आणि हो, सांगूनच विकणार आहे. लपवायचं असतं तर इथे लिहिलं असतं का? पण नुसती पातेली बघून निम्म्या भावात मागणाऱ्याला दारात उभं करणार नाही, हेही सांगून ठेवतो.

स्पष्टवक्ता

सगळं वाचलं. मॉड्युलर किचन, नवी फरशी, खोटं छत यात पैसे घालू नका, हे माझं मत कायम आहे. पुनर्विकास जवळ आला असेल तर अजिबातच नको.

‘ओलीवर एक हात मारा’ हे मात्र मी लिहायला नको होतं. लिहिताना किचनच्या रागात होतो. पत्रीपूल यांच्या मुलीचं वाचल्यावर ते वाक्य काढून टाकायला सांगितलं आहे.

एक विचारायचं होतं. भाड्याने दिलेला माझा एक छोटा फ्लॅट आहे, पुढच्या वर्षी विकायचा आहे. मोरीच्या बाहेरच्या भिंतीला खाली फुगारा आलेला परवा भाडेकरूने दाखवला. मुक्ताताई, ४८ तास पाणी साचवलंत तेव्हा ट्रॅपचं तोंड कशाने बंद केलं? माझा प्लंबर म्हणतो, पाणी ट्रॅपमधूनच उतरून जातं, काही कळत नाही.

मुक्ता_सहकारनगर

जाड प्लास्टिकच्या पिशवीत चिंध्यांचा बोळा भरला, पिळून घट्ट केला आणि तोंडात कोंबला. वरून सिमेंटचा गिलावा, तो रात्रभर सुकू दिला. मग चार बोटं पाणी भरलं, उंबऱ्यावरून बाहेर जाणार नाही इतपतच. पाण्याच्या कडेला भिंतीवर खिळ्याने रेघ ओढली, खडूची पुसली जाते. दार लावून घेतलं. तुम्ही भाडेकरूला दोन दिवस शेजारी आंघोळीला पाठवा, नाहीतर कोणीतरी सवयीने नळ सोडतं आणि हिशोब चुकतो. रेघेपेक्षा पाणी नखभर खाली गेलं तर ते उन्हाळ्यात हवेनेही होतं. बोटभर गेलं तर कुठेतरी वाट आहे. आणि खालच्या घरात आधी सांगून ठेवा, त्यांच्या छताकडे सकाळ-संध्याकाळ बघायला लावा. आमच्याकडे पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यांचाच फोन आला होता, तेव्हा कळलं की ट्रॅपची एक कड राहिलीय.