कार्टूनमधील दृश्याबद्दल धार्मिक तक्रार: करावी का, आणि कोठे?

मुलुंडकर:
आमच्या सोसायटीतील पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सध्या एका कार्टून मालिकेची छोटी चित्रफीत फिरत आहे. तीत एक विनोदी पात्र पाय घसरून पडते आणि त्याच्या पायाखालच्या पायपुसण्यावर स्वस्तिकासारखी नक्षी दिसते. कोणीतरी तिच्याभोवती लाल वर्तुळही काढले आहे. काही पालकांनी पोलीस ठाण्यात देण्यासाठी अर्ज तयार केला असून माझीही सही मागितली आहे. नक्षी मला खटकली हे खरे, पण ज्या मुलांसाठी ही मालिका आहे त्यांचे लक्ष पडणाऱ्या पात्राकडे असते, पायपुसण्याकडे नसते. असे प्रकार पूर्वी घडले असतील तर त्यांचे पुढे काय झाले आणि तक्रारीचा योग्य मार्ग कोणता, हे जाणकारांनी सांगावे.

रंगपेटी:
मी गोरेगावच्या एका ॲनिमेशन स्टुडिओत बॅकग्राउंडचे काम करतो. या प्रकाराशी सर्वांत जवळचे उदाहरण ‘फायरमन सॅम’ या ब्रिटिश मालिकेचे आहे. तिच्या एका भागात चहाचा ट्रे घेऊन निघालेला अग्निशामक जमिनीवरच्या कागदांवरून घसरतो आणि त्यातले एक पान हवेत उडते. ते पान कुराणातील ६७व्या सूरेचे (अध्यायाचे) होते. भाग २०१४ मध्ये प्रथम दाखवला गेला, मात्र ही गोष्ट गाजली २०१६ च्या जुलैमध्ये. मालिकेची मालक असलेल्या मॅटेल कंपनीने माफी मागितली, स्टुडिओतील कर्मचाऱ्याने तो कसलातरी निरर्थक मजकूर समजून वापरल्याचा खुलासा केला आणि त्या स्टुडिओबरोबरचे काम थांबवले. ब्रिटनमधील वाहिनी चॅनल फाइव्हने भाग काढून टाकला.

हा खुलासा मला अजिबात अविश्वसनीय वाटत नाही. प्रॉपच्या (दृश्यातील वस्तूंच्या) यादीत ‘कागदांचा गठ्ठा’ ही एक ओळ असते, आर्टिस्ट इंटरनेटवरून टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवायचे तयार चित्र) उचलतो आणि तपासणारा रंग व प्रकाश पाहतो. अनोळखी लिपी वाचून पाहण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. पौराणिक मालिकेत जानवे कोणत्या खांद्यावर आहे हे चौघे तपासतात, पण पायपुसणे कोणीही तपासत नाही.

दप्तरदार:
पोलिसांत जाण्यापूर्वी कायद्याची अट पाहावी. भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ (पूर्वीच्या दंड संहितेतील २९५अ) लागू होण्यासाठी भावना दुखावण्याचा जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतू असावा लागतो. निष्काळजीपणाने किंवा नकळत झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच रामजी लाल मोदी प्रकरणात स्पष्ट केले आहे. रंगपेटी सांगतात तसे घडले असेल, तर तुमचा अर्ज पहिल्याच पायरीवर अडखळेल.

दूरचित्रवाणीसाठी वेगळी वाट आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियम, १९९४ मधील नियम ६ धर्म किंवा समुदायांवर हल्ला करणाऱ्या कार्यक्रमांना मनाई करतो. २०२१ च्या दुरुस्तीनुसार तक्रार आधी वाहिनीकडेच करायची. वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा, समाधान न झाल्यास वाहिन्यांनीच स्थापन केलेल्या स्वयंनियामक संस्थेकडे जायचे आणि त्यानंतरच केंद्र सरकारकडे. तक्रारीत वाहिनी, तारीख, वेळ आणि भाग नमूद करा. मात्र चित्रफीत यूट्यूबवरची असेल, तर ही वाट तुमच्या उपयोगाची नाही.

वडाळेकर:
हेतू नव्हता, एवढ्यावर विषय संपवणे मला मान्य नाही. श्रद्धेचे चिन्ह पायाखाली दिसले की ज्याला वाईट वाटते, त्याला स्टुडिओतील कामाची पद्धत सांगून काय उपयोग? चूक झाली असेल तर ती मान्य करून ती चौकट (फ्रेम) बदलून द्यावी, इतकी अपेक्षा रास्तच आहे.

तरीही वस्तू खरोखर चित्रात आहे की पाहणाऱ्याने ती तेथे ठेवली आहे, हे आधी ठरवावे लागते. फायरमन सॅममध्ये पान खरोखर होते. याउलट १९९९ मध्ये अमेरिकेत जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाच्या नियतकालिकाने टेलिटबीज या लहान मुलांच्या मालिकेतील टिंकी विंकी या पात्राचा जांभळा रंग, डोक्यावरचा त्रिकोण आणि हातातली पिशवी पाहून तो समलिंगी असल्याचा इशारा पालकांना दिला. २००१ मध्ये सौदी अरेबियात पोकेमॉनवर बंदी आली, तेव्हा जुगाराबरोबरच झायोनिझमची (ज्यू राष्ट्रवादाची) चिन्हे असल्याचाही आरोप होता. पायपुसण्यावरची नक्षी यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, हे मूळ भाग थांबवून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

रंगपेटी:
चौकट बदलून देणे फारसे अवघड नसते, म्हणून वडाळेकरांची मागणी व्यवहार्य आहे. अडचण पुढे येते. ओरड मोठी झाली की मालक कंपनी माफी मागून मोकळी होते आणि काम जाते ते स्टुडिओचे, म्हणजे बहुधा साखळीतल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाचे.

मुलुंडकर:
सर्वांचे आभार. ही चित्रफीत कोणत्या वाहिनीवरची आहे असे गटावर विचारले असता कोणालाच सांगता आले नाही. वाहिनीचे चिन्ह असते तो कोपरा कापलेला आहे. मी सही केलेली नाही. मूळ भाग सापडल्यास वाहिनीला पत्र लिहू, असे सुचवले आहे. दोघांना ते पटले आहे, बाकीचे अद्याप पोलीस ठाण्याच्याच बाजूने आहेत.