आईबाबांच्या औषधांचा खर्च कसा कमी केलात? अनुभव लिहा

नौपाड्याची लेक
काल माळा आवरताना बाबांचा गोळ्यांचा डबा सापडला, श्रीखंडाचाच जुना. बाबा जाऊन चार वर्षं झाली तरी टाकवत नाही. आत रबर लावून ठेवलेली बिलं. महिन्याला साडेचार हजार, तेही पेन्शनीतून. आणि हे बीपीची गोळी एक दिवसाआड घ्यायचे, पुरवून पुरवून, आम्हाला पत्ताच नाही. डॉक्टरांकडे १८० निघालं तेव्हा पकडले गेले. मग डॉक्टरांनीच चिठ्ठीवर औषधाची मूळ नावं लिहून दिली, टेल्मिसार्टन, ॲटोर्व्हास्टॅटिन, मेटफॉर्मिन, आणि म्हणाले जनऔषधीत जा, सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान. पहिलं बिल बघून बाबा काउंटरवरच्या पोराला म्हणाले, "अरे, काहीतरी धरायचं राहिलंय बघ."
तुमच्याकडे काय झालं?

ऐरोली सेक्टर आठ
सासूबाईंचं एकच, "स्वस्त म्हणजे नुसती पावडर". सहा महिने वाद. डॉक्टरीण बाई म्हणाल्या माझी आई हीच घेते, तर लगेच पटलं. आम्ही सांगत होतो ते काय होतं मग!!

घोडबंदरवासी
आमच्याकडे उलटंच. आईला उठली की चक्कर. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत भरून फॅमिली डॉक्टरसमोर ओतल्या, तर हार्टवाल्यांनी आणि शुगरवाल्यांनी दोघांनीही टेल्मिसार्टनच दिलेली, ब्रँड वेगळे म्हणून कुणाच्या लक्षात नाही, आई इमानदारीत दोन्ही घेतेय. प्लस ॲसिडिटीची गोळी जी कधीतरी पंधरा दिवसांसाठी दिलेली ती तीन वर्षं चालू. ११ च्या ७ झाल्या. डिस्काउंट मागून एवढे वाचले नसते.

कोपरीचा बंड्या
घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून डॉक्टरकडे पोचलात हेच मोठं

घोडबंदरवासी
सकाळी सातला निघालो होतो दादा

मीनल वाशी
शुगरची एम्पाग्लिफ्लोझिन कुणाच्या घरी चालू असेल तर भाव परत विचारा. मार्च २०२५ ला पेटंट संपलं, आता बऱ्याच कंपन्यांची येते आणि खूप स्वस्त. आम्ही दोन महिने जुन्याच भावाने घेत होतो, केमिस्ट कशाला सांगेल स्वतःहून

नेरूळकर काकू
थायरॉइडच्या गोळीची कंपनी मात्र मनाने बदलू नका हं. मी केला शहाणपणा, थायरॉइडच्या टेस्टमध्ये टीएसएच वरखाली, डॉक्टर ओरडले. बदलायचीच तर विचारून आणि सहा-आठ आठवड्यांनी परत टेस्ट. फिट्सच्या गोळ्यांचंही तसंच सांगतात. बाकी टेस्टचे पैसे गेले ते गेलेच

कोपरीचा बंड्या
आमचे काका सत्तरीवरचं आयुष्मान कार्ड घेऊन थेट मेडिकलवाल्याकडे, "पाच लाख आहेत यात, गोळ्या दे". समजावता समजावता पुरेवाट झाली की ते ॲडमिट झालं तर, रोजच्या गोळ्यांना नाही. अजून रागावलेत, बहुतेक माझ्यावरच.

मीनल वाशी
हाहा काका

ऐरोली सेक्टर आठ
जनऔषधीत कधी कधी माल नसतो, तीन गोळ्या मिळतात चौथीला या पुढच्या आठवड्यात. फोन करून जा. जनऔषधी सुगम ॲपवर जवळचं केंद्र दिसतं, भावही दिसतो. आणि दोन औषधांची मिळून एक गोळी असेल तर तीच मिळेल असं नाही, सुटी चालेल का ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, मी भर उन्हात दोन फेऱ्या मारल्यात. कुकर झाला, येते

नेरूळकर काकू
नौपाडा, बिलं टाक बाई आता. डबा ठेव.

नौपाड्याची लेक
बिलं टाकली काकू. डब्यात आईच्या गोळ्या भरल्या, तर ती म्हणते झाकण बसत नाही, यांनी दाबून दाबून वाकवलंय.

कोपरीचा बंड्या
आमच्याकडे आइस्क्रीमचा आहे. दर पाहुणा उघडून बघतो