स्केल पाठ आहे, पण सोलो म्हणजे नुसती सरगम होते

पाचवा_फ्रेट (लष्कर, ग्वाल्हेर)
ए मायनर पेंटाटॉनिकचा (ए, सी, डी, ई, जी या पाच सुरांच्या स्केलचा) पाचव्या फ्रेटवरचा बॉक्स, म्हणजे हात न हलवता वाजणारा सुरांचा गट, मेट्रोनोम मिनिटाला ९० ठोक्यांवर, ठोक्याला दोन सूर, असा न अडखळता वाजतो. बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) ए मायनर, एफ, सी, जी; प्रत्येक कॉर्ड चार मात्रा. पण सोलो सुरू केला की खालून वर आणि वरून खाली, एवढंच होतं. शिवाय जी कॉर्डवर सी सुरावर थांबलं की खुपतं, आणि तो तर स्केलमधलाच सूर आहे! आधी बाकीचे चार बॉक्स पाठ करावेत का? गिटार अकूस्टिक आहे, तारा १२ च्या (जाडीचा नंबर).

तिसरी_तार
बाकीचे बॉक्स सध्या राहू द्या, अडचण तिथे नाहीच. जी कॉर्डमध्ये जी, बी, डी हे सूर आहेत. सी हा बी च्या फक्त एक फ्रेट वर, म्हणून दोघे घासतात. जाता जाता सी लागला तर काही बिघडत नाही, त्यावर मुक्काम नको.

मुक्कामाचे सूर असे धरा (तारा सगळ्यात पातळ तारेपासून मोजा): ए मायनरवर चौथ्या तारेचा ७वा फ्रेट (ए), एफवर तिसऱ्या तारेचा ५वा (सी), सीवर दुसऱ्या तारेचा ५वा (ई), जीवर तिसऱ्या तारेचा ७वा (डी). चारही तुमच्याच बॉक्समध्ये, हात हलवायला नको. आधी मेट्रोनोम ६० वर फक्त हे चार सूर वाजवा, कॉर्ड बदलते त्याच मात्रेवर. ते न चुकता लागले की प्रत्येकाच्या आधी दोन सूर जोडा. तुमची सरगम होते कारण बोटं सवयीने शेजारच्या सुरावर जातात. कुठे पोचायचं ते ठरलं की वाट आपोआप वाकडी होते.

सोळा_मात्रा
वरच्या उत्तराशी सहमत. ग्वाल्हेरात राहता तर एक गोष्ट हाताशीच आहे: चार कॉर्ड गुणिले चार मात्रा, म्हणजे सरळ तीनताल. ए मायनरवर सम (पहिली मात्रा), सी कॉर्डवर खाली (नववी, टाळी न देता हात उघडायची). ट्रॅक लावून आधी हातावर टाळी-खाली धरा, गिटार मांडीवरच राहू द्या.

मग तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. सी, डी, ए (तिसरी तार ५, तिसरी तार ७, चौथी तार ७), मात्रेला एक सूर, सलग तीनदा. नववी मात्रा, म्हणजे खाली, तिथून उचला. नऊ सूर होतात आणि शेवटचा ए बरोबर समेवर पडतो. गंमत अशी की ९ व्या मात्रेला सी कॉर्डवर सी येतो, १३ व्या मात्रेला जी कॉर्डवर डी. समेच्या पुढे पडत असाल तर दहाव्या मात्रेवर उचलताय.

आणि गप्प बसायलाही शिका. आठ मात्रा वाजवा, आठ मात्रा हात तारेवरून काढा. आलापात गवई सगळे सूर एकदम उधळत नाही; तुम्हीही पहिली दहा मिनिटं ए, सी, डी यांच्यातच राहा. तोंडाने म्हणून मगच वाजवा. जे म्हणता येत नाही ते बोटांची सवय असते.

पाचवा_फ्रेट
तिहाई जमली, दोन्हींचे आभार. तिसऱ्या तारेवर डी वरून ई पर्यंत बेंड (तार आडवी ओढून सूर चढवणं) मात्र बेसूर होतो.

तिसरी_तार
१२ च्या सेटमध्ये तिसरी तार बहुतेक वेळा गुंडाळलेली असते, तिच्यावर पूर्ण सुराचा बेंड पोचवणं फार जड जातं. अकूस्टिकवर मींड घ्या: ७ व्या फ्रेटवरून ९ व्यावर घसरत जा, दाब न सोडता. बेंडच हवा असेल तर अनामिकेने दाबा, मधलं बोट आणि तर्जनी तिच्या मागे टेकवा, जोर मनगटाचा. मिळाला का हे दुसऱ्या तारेचा ५वा फ्रेट वाजवून बघा. दोन्ही ई आहेत.

सोळा_मात्रा
आता हेच पाच सूर सी ला षड्ज मानून वाजवा: सी, डी, ई, जी, ए. तो भूप झाला. ए ला षड्ज मानलं तर धानीचे सूर. बोटं तीच, फक्त मुक्काम बदलला. अर्थात राग म्हणजे नुसते सूर नव्हेत, पण मूर्च्छनेने, म्हणजे असा षड्ज बदलून, कान फार लवकर तयार होतो. ट्रॅकमध्ये सी कॉर्ड घर झालेली हवी, नाहीतर कान परत ए कडेच ओढेल.