शेजारी माग, समोर खणलेला रस्ता: धुळीसाठी घरगुती एअर फिल्टर स्वस्तात बनतो का?

वडगावची_वहिनी
नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावच्या वडगावात जुन्या गल्लीत राहतो. उजव्या बाजूच्या घरात पॉवरलूम आणि समोरचा रस्ता पाइप टाकायला खणून तसाच सोडलाय. सकाळी फरशी पुसली तरी दुपारी टेबलावरचा तांब्या उचलला की खाली गोल उठून दिसतो. सासूबाईंना दमा आहे. त्या मधल्या खोलीत असतात, दहा बाय बारा, उंची दहा फूट. माग बंद ठेवा म्हणून शेजाऱ्यांना सांगायचं कुठल्या तोंडानं? पोट आहे त्यांचं. आमच्या घरातही मामंजी होते तोवर माग चालायचेच.

दुकानातले प्युरिफायर बघितले, बजेटच्या बाहेर. भाऊजी म्हणतात टेबल फॅनच्या मागं जुनी साडी ताणून बांधा, झाला फिल्टर. व्हिडिओत लोक पंख्याला खोका करून लावतात तेही बघितलंय. तीन-साडेतीन हजारात खरंच उपयोगाचं काही होईल का? कुणी स्वतः केलंय त्यानंच सांगा.

चिकोडीचा_पोऱ्या
ताई, मी कारच्या एसीचा केबिन फिल्टर छोट्या पंख्याला चिकटटेपनं लावलाय. आमच्याकडं गळीत हंगामात गच्चीवर काळी राख पडते, वाळत घातलेल्या बनियनवर ठिपके. फिल्टर काळा झाला म्हणजे काहीतरी धरतोय. पण खोलीत फरक पडला का म्हणाल तर छातीठोक सांगता येणार नाही.

भट्टीवाला_अनगोळ
वहिनी, उद्यमबागेत कारखान्यांच्या वसाहतीत फौंड्रीत, म्हणजे ओतकामात, माझी सगळी नोकरी झाली, मोल्डिंगची वाळू आणि धूळ ओढणारे डस्ट कलेक्टर यांच्यातच. त्यामुळं जरा लांबण लावतो, वाचून घ्या.

आधी साडीचं. तुम्ही मागवाल्यांच्या घरातल्या, फणीचा हिशोब तुम्हाला सांगायला नको. इंचाला साठ तार धरले तर एका तारेपासून दुसरी तार चारशे मायक्रॉनवर येते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तारेची जाडी वजा केली तरी भोक शे-दोनशेचं राहतं. दम्याच्या माणसाला त्रास देणारी धूळ दहा मायक्रॉनच्या आतली, त्यातही अडीचच्या आतली वाईट. म्हणजे साडीत सुताची पिंज अडकेल, बाकी सगळं आरपार. बरं, चांगला फिल्टरसुद्धा चाळणीसारखा गाळत नाही. आत बारीक तंतूंचं जंगल असतं. मोठा कण वळणावर तंतूला आपटतो, मधला घासून चिकटतो, अगदी बारीक कण थरथरत भरकटून कुठंतरी अडकतो. सगळ्यात अवघड साधारण ०.३ मायक्रॉनचा, म्हणून हेपा या अगदी बारीक गाळणाऱ्या फिल्टरची परीक्षा तिथंच घेतात आणि ९९.९७ टक्के कण धरतो म्हणतात तो आकडा तिथला आहे.

आता तुमची धूळ कुठली ते बघा, फुकटात होतं. छताच्या पंख्याच्या पात्यावरची चिमूटभर धूळ पांढऱ्या कागदावर घ्या. तंतू दिसले तर चिमट्यात धरून काडी लावा. वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिस्टर, कागदासारखा वास येऊन राख झाली तर सूत. मग जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक कागदात गुंडाळून धुळीवरून फिरवा. काळे कण उभे राहिले तर ते कारखान्याकडचे असतील, ब्रेकचे असतील, किंवा नुसत्या काळ्या मातीतलेही असतील. तेव्हा यावरून कुणाशी भांडायला जाऊ नका.

हे करायला सांगतोय कारण तांब्याखालचा गोल कुठलाच फिल्टर घालवणार नाही. शंभर मायक्रॉनचा कण हवेत उडाला तर काही सेकंदात खाली बसतो, दहाचा काही मिनिटांत, तो फिल्टरपर्यंत पोचतो कशाला? एक मायक्रॉनचा मात्र तासन्‌तास तरंगतो. फिल्टर त्याच्यासाठी. जाड धुळीला उपाय म्हणजे रस्त्याकडची खिडकी माग चालू असताना बंद, दाराच्या फटीला रबरपट्टी, उंबऱ्याला ओलं पोतं आणि कोरडा केरसुणीचा झाडू बंद. झाडू मारला की बसलेली धूळ पुन्हा तासभर हवेत. ओल्या फडक्यानं पुसा.

खोक्याचं म्हणाल तर व्हिडिओतली रचना २०२० साली अमेरिकेत रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थाल या दोघांच्या डोक्यातून निघाली. चार बाजूंना चार फिल्टर, खाली पुठ्ठा, वर चौकोनी बॉक्स फॅन हवा बाहेर फेकणारा. आपल्याकडं तसला फॅन सहजी मिळत नाही. टेबल फॅन या कामाला नको, त्याची जाळी चहूबाजूंनी उघडी, हवा सोपी वाट धरून फिल्टरला चुकवून येते. बारा इंची एक्झॉस्ट फॅन घ्या. त्याला स्वतःची गोल रिंग असते, प्लायला भोक पाडून बसवला की संपलं. जास्त फेऱ्यांचा घेऊ नका, सासूबाईंना झोप लागायची नाही.

माझ्या घरी आहे तो असा: चोवीस बाय चोवीस इंचाचे, दोन इंच जाडीचे दोन फिल्टर समोरासमोर उभे, मध्ये दीड फूट अंतर. उरलेल्या दोन बाजू आणि तळ प्लायचे, वर भोक पाडलेली फळी आणि पंखा, वारा छताकडं. फिल्टरच्या कडेवर बाण छापलेला असतो, तो खोक्याच्या आत वळला पाहिजे.

दोन फिल्टर का, तर जोरासाठी. कारखान्यातला ब्लोअर बॅग फिल्टरमधून, म्हणजे कापडी पिशव्यांच्या फिल्टरमधून, शंभर मिलिमीटर पाण्याच्या दाबाएवढा अडथळा सहज ओढतो. घरगुती पंखा काही मिलिमीटरलाच मान टाकतो. एकाच्या जागी दोन लावले की प्रत्येकातून निम्मी हवा जाते, अडथळाही निम्म्यावर येतो. चिकोडीच्या पोरा, तुझी गडबड हीच आहे. केबिन फिल्टर वाईट नाही, पण वीतभर कागदातून हवा जाणार किती?

याच कारणानं हेपाचा हट्ट धरू नका. एसी डक्टचं सामान विकणाऱ्याकडं एफ-७ दर्जाचा फिल्टर मागा, ‘मर्व’ या अमेरिकन मापात साधारण मर्व १३. तो ०.३ ते १ मायक्रॉनमधले निदान निम्मे कण धरतो, १ ते ३ मधले ८५ टक्क्यांच्या वर. निम्मे ऐकून नाक मुरडू नका, खोलीतली तीच हवा पुन्हा पुन्हा फिरणार आहे. तुमची खोली १२०० घनफूट. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर मिनिटाला शंभर घनफूट पुरे. बारा इंची पंख्याच्या डब्यावर याच्या कितीतरी पट आकडा असतो, तो मोकळ्या हवेतला. फिल्टर लावल्यावर निम्म्याखाली आला तरी भागतं.

शेवटचं काम सांध्यांचं, आणि लोक तिथंच कंटाळतात. फिल्टरची चौकट आणि प्लाय यांच्यात काडेपेटीच्या काडीएवढी फट असली तरी हवा तिथूनच घुसणार. टेप दोन थर लावा, कोपऱ्यात बोटानं दाबून. मग पंखा चालू करून उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून सावकाश फिरवा. धूर सरळ वर गेला तर ठीक. सांध्याकडं ओढला जाऊन आत गडप झाला, तर तिथं पुन्हा टेप.

निपाणीकर
काकांनी सगळं सांगितलंच. एकच भर. आमच्या गल्लीत तंबाखूच्या वखारी आहेत, पोती हलवली की खाट, म्हणजे तंबाखूची झोंबणारी भुकटी, नाकात जातो, शिंका थांबत नाहीत. असल्या खोक्यानं भुकटी कमी होते पण वास हटत नाही. वास वायूचा, त्याला कोळशाचा फिल्टर लागतो, तोही भरपूर. आणि ‘आयन’, म्हणजे विजेचा भार असलेले कण, सोडणारी स्वस्त यंत्रं दम्याच्या माणसाजवळ नकोत, त्यातली काही ओझोन हा छातीला त्रास देणारा वायू तयार करतात.

वडगावची_वहिनी
काका, कागदावर धूळ घेतली. तंतूंचे मणी झाले, म्हणजे पॉलिस्टर. बाकी बरीचशी तांबडी माती, चुंबकाला थोडंच चिकटलं. सासूबाईच हातात भिंग घेऊन बसल्या होत्या, त्यांना मागाची पिंज लांबूनच ओळखू येते.

आता तीन शंका. फिल्टर धुवून पुन्हा वापरता येतो का? प्लायऐवजी पुठ्ठा चालेल का? आणि लाइट बिल? आम्ही गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, आहोत.

भट्टीवाला_अनगोळ
एफ-७ धुवायचा नाही. पाण्यानं तंतू चिकटतात, काही फिल्टरांत तंतूंवर विजेचा भार दिलेला असतो तोही जातो. त्याऐवजी बाहेरून एसीची नायलॉन जाळी लावा, किंवा भाऊजींची साडी. पिंज तिथंच अडेल, ती आठवड्याला उतरवून धुवा. साडी वाया जात नाही बघा. आतला फिल्टर काळवंडला म्हणून लगेच बदलू नका, वरून येणारा वारा हाताला कमी लागायला लागला की बदला.

पुठ्ठा आत्ता चालेल. पण मिरग निघाला की बेळगावची हवा तुम्हाला ठाऊक आहे, जुलैपर्यंत पुठ्ठा पापडासारखा वाकतो आणि टेप सुटते. सुताराकडं प्लायचे तुकडे पडलेले असतात, मागून बघा.

बिलाचं: पन्नास वॅटचा पंखा रोज दहा तास म्हणजे अर्धा युनिट, महिन्याला पंधरा. गृहज्योतीत तुमच्या जुन्या सरासरीवर थोडेच युनिट जास्त धरतात, तेव्हा बिलावरची सरासरी आधी बघून घ्या. वायर तीन पिनची, अर्थिंगसकट. पंखा जुन्या बाजारातला घेऊ नका, अडथळ्यामुळं मोटार आधीच जरा जास्त तापते.

सासूबाईंचा पंप मात्र डॉक्टर सांगतील तसाच चालू ठेवा. खोली चकाचक वाटली म्हणून तो कमी करायचा नाही.

वडगावची_वहिनी
बरं काका. रविवारी यांना उद्यमबागेकडं पाठवते. फिल्टर दोनच आणायचे ना, की एक जादा?

भट्टीवाला_अनगोळ
दोनच. पडून राहिलेला फिल्टर पावसाळ्यात ओल धरतो.