मदत हवी आहे: हाताने दाबायच्या छोट्या मशीनवर लडाखमध्ये एस्प्रेसो नीट येईल का?

मीरपूड:
मंडळी, जूनमध्ये लडाखला जातोय, मुंबई ते लेह विमानाने आणि तिथून गाडी करून नुब्रा, पँगाँग, जमलं तर हानले, आणि मला तिकडे सकाळी एक बरा एस्प्रेसो प्यायचाय. हसू नका, घरचे सगळे चहावाले आहेत, त्यांचं हसून झालंय.

मशीन हाताने पंप करायचं आहे, उभा पेला असतो ना साधारण तेवढं, बास्केटमध्ये १८ ग्रॅम पावडर मावते आणि बास्केट साधी आहे, ती एकच भोकवाली प्रेशराइज्ड नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण मग धागा "हे का घेतलं, ते का नाही" इकडे जातो आणि माझा प्रश्न राहतो बाजूला. ग्राइंडर पण हाताचाच आहे, एस्प्रेसोएवढं बारीक दळतो. खिशातला वजनकाटा आहे.

घरी ठाण्यात सगळं छान येतं. १८ ग्रॅम पावडर, कपात ३६-३८ ग्रॅम कॉफी, पहिल्या दाबापासून तीसेक सेकंद, वर मस्त तपकिरी क्रेमा (फेसाचा थर), चव पण गोडसर. चिकमगळूरच्या बीन्स असतात, लाइटकडे झुकणारा मिडियम रोस्ट.

पण गेल्या वर्षी हेच सगळं बोचकं घेऊन आम्ही हिमाचलमधल्या छितकुलला गेलो होतो आणि तिथे जे काय आलं त्याला कॉफी म्हणवत नाही. त्याच बीन्स, तोच ग्राइंडर, दळण किती बारीक ते ठरवणारे तेवढेच क्लिक, होमस्टेच्या काकूंनी चुलीवर खळखळ उकळवून दिलेलं पाणी, आणि तरी कपात पडलं ते आंबटढाण, पातळ, पिवळट फेसाचं. पहिले बरेच दाब पोकळच गेले, हाताला काही लागेचना, मग एकदम बास्केटच्या कडेने बारीक चिळकांडी उडाली ती थेट जॅकेटच्या बाहीवर. उघडून बघितलं तर पक (दाबलेल्या पावडरीची वडी) वरून चिखल आणि खाली एका बाजूला चक्क कोरडी पावडर. दुसऱ्या दिवशी बारीक दळून बघितलं तर चिळकांडी गेली पण आंबटपणा तसाच. नवऱ्याने शांतपणे इन्स्टंटची पुडी काढून दिली, ते जास्त लागलं.

तर प्रश्न असे की उंचीवर हवेचा दाब कमी असतो म्हणून मशीनचं प्रेशर पण कमी पडतं का, मला जास्त जोर लावायला हवा होता का, का पाण्याची भानगड आहे, आणि लडाख तर छितकुलपेक्षा अजून उंच, मग तिकडे हे धूड न्यावं का घरीच ठेवावं? सामान विमानाचं असल्यामुळे ग्रॅम ग्रॅम मोजतेय. कुणी स्वतः केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, यूट्यूबवर सगळे डोंगरासमोर बसून कप उचलतात पण चव कशी आहे ते कुणीच धड बोलत नाही.

फुकटसल्ला:
अहो ताई, लडाखला जाऊन गुरगुर चहा प्या की. लोणी, मीठ, मस्त.

मीरपूड:
तो पण पिणार आहे. प्रश्न सकाळी सहाचा आहे.

गिअरबदलू:
जोर लावायचा काही संबंध नाही, हात दुखवून घेऊ नका. एस्प्रेसोला लागतो साधारण ९ बार दाब, म्हणजे समुद्रसपाटीच्या हवेच्या नऊएक पट. लेहला बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाच्या आसपास, म्हणजे फरक पडला एक बारच्या तिसऱ्या हिश्श्याचा. ९ बारपुढे तो कुठे जाणवणार?

खरी भानगड उकळबिंदूची. दर ३०० मीटर वर चढलं की पाणी साधारण एक अंश आधीच उकळायला लागतं. ठाण्यात जवळजवळ शंभरला उकळतं, महाबळेश्वरला पंचाण्णव-शहाण्णव. छितकुल ३४५० मीटरच्या आसपास, तिथे अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद. खळखळ उकळतंय म्हणून तुम्हाला वाटलं फुल गरम आहे, पण चुलीवर अजून तासभर ठेवलं असतं तरी त्यापुढे ते गेलं नसतं. आता हे पाणी तुम्ही गारठलेल्या धातूत ओतलं की दहाएक अंश तिथेच गेले, पावडरपर्यंत पोचेस्तोवर ऐंशीच्या खाली. एस्प्रेसोला पाणी हवं नव्वद ते शहाण्णव. लाइट रोस्टला तर वरचं टोक हवं, दाणा कमी भाजलेला असल्यामुळे त्यातून चव निघायला उष्णता जास्त लागते. म्हणून आंबट.

लेह ३५०० मीटर, म्हणजे छितकुलसारखंच धरा. पँगाँग ४२०० च्या वर, तिथे पाणी पंच्याऐंशी-शहाऐंशीला उकळेल. खारदुंगलावर करायचा विचार असेल तर फोटो काढा आणि पुढे निघा.

फुकटसल्ला:
मग प्रेशर कुकरमध्ये पाणी तापवा! कुकरमध्ये तर १२० पर्यंत जातं ना. डाळ शिजते तशी कॉफी.

गिअरबदलू:
झाकण लावलेलं असतं तोवरच. प्रेशर सोडून झाकण उघडलंत की ते पाणी तिथल्या तिथे भसाभस वाफ सोडत स्थानिक उकळबिंदूवर येतं, म्हणजे परत ८८. मशीनमध्ये ओतायला झाकण उघडावंच लागणार. शिवाय कुकर विमानातून नेणार का आता?

कडूकारलं:
मुळात हाताने दाबून खरा एस्प्रेसो होतच नाही. नऊ बार हाताने? काहीही. ही सगळी खेळणी आहेत.

वेताळटेकडी:
कारलेसाहेब, क्रेमा हा प्रकार जगाला दिसला तोच हाताच्या लीव्हरमुळे. गॅजियाचं लीव्हर मशीन १९४८ चं, विजेच्या पंपाची फाएमा ई६१ आली १९६१ ला. मधली सगळी वर्षं इटलीत बारवाले हातानेच दांडा ओढत होते. आणि या छोट्या मशीनमध्ये पंपाचा दट्ट्या अगदी बारीक असतो, क्षेत्रफळ कमी म्हणून कमी जोरात दाब जास्त, गाडीचा जॅक चालतो तेच तत्त्व. एका दाबात पाणी थोडंसंच सरकतं म्हणून बरेच दाब लागतात एवढंच.

मीरपूड, तुमचे पहिले दाब पोकळ गेले त्याचं घाबरू नका, ते घरी पण जातात, लक्ष जात नाही. आधी आतली हवा निघते, मग पावडर भिजते, भिजून फुगली की मग ती पाण्याला अडवायला लागते आणि तेव्हा कुठे हाताला काहीतरी लागतं. मी काय करतो, सात-आठ दाब हळू देतो, थांबतो दहा सेकंद, मग एका लयीत पुढे. तुमची चिळकांडी म्हणजे चॅनलिंग, पाण्याला एका बाजूने पळवाट मिळाली. प्रवासात हे जास्त होतं कारण आपण मांडीवर नाहीतर दगडावर ठेवून टॅम्प करतो, म्हणजे पावडर दाबून बसवतो, आणि ते तिरकं बसतं. पावडर भरल्यावर बारीक सुईने मोकळी करून घ्या (कॉर्कच्या बुचाला तीन-चार बारीक सुया टोचल्या की झालं, विकत घ्यायची गरज नाही), मग सपाट जागी, शक्यतो जमिनीवर ठेवून, सरळ दाबा. होमस्टेच्या खिडकीच्या कट्ट्यावर विश्वास ठेवू नका, तो कधीच सपाट नसतो.

मीरपूड:
@वेताळटेकडी खिडकीचा कट्टाच होता!! 

@गिअरबदलू, हे आत्ता डोक्यात शिरलं. पण मग याचा अर्थ लडाखमध्ये होणारच नाही असाच ना? उकळबिंदू तर मी बदलू शकत नाही.

डेन्व्हरनिवासी:
होतं की. मी राहतो तिथे १६०० मीटर उंची, पाणी ९४-९५ ला उकळतं, म्हणजे रोजचीच गत. आणि शनिवार-रविवारी रॉकीजमध्ये तंबू टाकतो तेव्हा ३००० मीटरच्या वर, नव्वदच्या आसपास. माझ्याकडे पण असलंच हातपंपाचं आहे. दोन गोष्टी सांभाळल्या तर अगदी मजेत होतं.

पहिली म्हणजे बीन्स बदला. ती लाइटकडची राहू दे घरी, प्रवासाला मिडियम-डार्क न्या. जास्त भाजलेला दाणा ठिसूळ असतो, कमी तापमानाला पण पटकन चव सोडतो, उलट डार्क रोस्टला मुद्दामच ८५-९० चं पाणी वापरणारे लोक आहेत. म्हणजे लेहचं पाणी तुमच्या बीन्ससाठी गार आहे, डार्कसाठी ठीकठाक आहे. तुमच्या इथे तर काय, कूर्ग-चिकमगळूरचं डार्क रोस्ट कुठेही मिळेल, थोडी रोबस्टा (कॉफीची एक जात) असलेला ब्लेंड घेतलात तर क्रेमा पण भरपूर. फक्त चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पावडर नको.

दुसरी, मशीन तापवणं, आणि हे एकदा नाही, दोनदा. पावडर न घालता मशीन जोडा, उकळतं पाणी काठोकाठ भरा, मिनिटभर ठेवा, मग ते पाणी पंप करूनच बाहेर काढा म्हणजे पंप, खालचा भाग, बास्केट सगळ्यातून गरम पाणी जातं. नुसतं वरच्या टाकीत भरून ओतून दिलं तर खालचा धातू गारच राहतो. परत एकदा तेच. आणि दळण, सुई, सगळी तयारी आधी करून ठेवायची, तापवून झाल्यावर दळायला बसलात तर परत सगळं गार. बास्केट कोरडी करून पावडर भरली की पाणी परत उकळीला आणून थेट, उकळत असतानाच ओतायचं. घरी आपण उकळल्यावर अर्धा मिनिट थांबतो ना, ते इथे अजिबात नाही. रात्री मशीन झोपताना पांघरुणात घेतलं तर अजून बरं, बायको काय म्हणेल ते तुमचं तुम्ही बघा. (नवरा, सॉरी.)

एवढं करूनही आंबट वाटली तर १८ ला ३६ चा हट्ट सोडा, टाकीत पाणी पुरतंय तोवर ४५ पर्यंत जाऊ द्या. थोडी पातळ होईल पण आंबटपणा कमी होतो. ग्राइंडर घरच्यापेक्षा एक-दोन क्लिक बारीक.

गिअरबदलू:
+१. आणि एक महत्त्वाचं, कॉफी झाल्यावर पंपात पाणी शिल्लक ठेवू नका. हानलेला जूनमध्ये पण रात्री गोठू शकतं, आतल्या आत बर्फ झाला तर सील फाटतं नाहीतर प्लास्टिकला चीर जाते. कोरडे दाब मारून सगळं पाणी बाहेर काढा आणि झाकण उघडं ठेवा. पंप कुरकुरायला लागला किंवा घट्ट वाटला तर ओ-रिंग (रबराचं गोल सील) कोरडी पडलीय, खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉन ग्रीस टिचभर लावायचं, तेल नाही, तेलाने रबर खराब होतं.

मीरपूड:
डेन्व्हरनिवासी, मनापासून आभार, हेच हवं होतं. आता पाणी तापवायचं कशावर ते सांगा. माझ्याकडे तापमान सेट करता येणारी छोटी इलेक्ट्रिक किटली आहे, ती घेऊ का? का थर्मासमध्ये होमस्टेतून गरम पाणी भरून वाटेत करावं? गाडीत १२ व्होल्टवर चालणारी किटली पण बघितली ऑनलाइन.

वेताळटेकडी:
थर्मास एस्प्रेसोसाठी विसरा. सकाळी ८७ चं भरलेलं पाणी दोन-तीन तासांनी अजून खाली आलेलं असणार, त्यात मॅगी होईल.

गाडीची किटली म्हणजे संयमाची परीक्षा. तो सॉकेट देऊन देऊन देतो सव्वाशे-दीडशे वॉट. पाव लिटर गार पाणी उकळायला हिशोबाने दहा-बारा मिनिटं, प्रत्यक्षात उष्णता निसटते म्हणून वीस धरा, आणि आपल्याला दोनदा तापवायला धरून पाव लिटरपेक्षा जास्तच लागणार. तेवढ्यात ड्रायव्हरभाऊ दोन चहा पिऊन येतील.

इलेक्ट्रिक किटली लेहमधल्या हॉटेलात चालेल. पण ९६ वर सेट करू नका, तिथे पाणी ९६ ला पोचणारच नाही आणि काही किटल्या मग बंदच होत नाहीत, आटेपर्यंत उकळत बसतात. साधा उकळीचा मोड ठेवा, तो वाफेवर कट होतो. पँगाँगच्या तंबूवाल्या कॅम्पात मात्र वीज बऱ्याचदा संध्याकाळचे काही तासच, आणि जनरेटरवर किटली लावलीत तर अख्ख्या कॅम्पाचे दिवे जातील आणि तुम्ही फेमस व्हाल. तिथे सरळ किचनमध्ये जा, त्यांचा गॅस पहाटेपासून पेटलेला असतो, मशीन घेऊन शेगडीच्या शेजारीच उभं राहायचं. किचनमधून तंबूपर्यंत पाणी आणेस्तोवर पाच-सात अंश जातात हे लक्षात ठेवा.

मीरपूड:
आणि ट्रेकवाला छोटा बर्नर? माझ्या मामेभावाकडे आहे, गॅसच्या डब्यासकट देतो म्हणाला.

गिअरबदलू:
बर्नर न्या, डबा नाही. गॅसचा कॅनिस्टर विमानात ना हँडबॅगेत चालतो ना चेक-इनमध्ये. बर्नरचं नुसतं डोकं पण धुवून, वास घालवून चेक-इनमध्ये टाका नाहीतर सिक्युरिटीवाले बाजूला घेतात. डबा लेहच्या बाजारात ट्रेकिंगचं सामान भाड्याने देणाऱ्या दुकानांत विचारा, आणि उरला तर परत येताना तिथेच कुणाला तरी देऊन या. तंबूच्या आत मात्र पेटवू नका, कितीही थंडी असली तरी.

मीरपूड:
ठरलं मग. बर्नरचं डोकं, मशीन, ग्राइंडर, डार्क रोस्ट पाव किलो, बुचाला सुया. किटली घरी. जायच्या आधी डार्कवर ठाण्यातच ८७ चं पाणी करून प्रॅक्टिस करते, सेट करता येणारी किटली निदान त्या कामाला येईल.

कडूकारलं:
माझ्याकडे मोका पॉट (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं) आहे, तो नेला तर चालेल का? (खेळणं नाहीये म्हणून विचारतोय.)

डेन्व्हरनिवासी:
चालेल. एकदीड बारच होतो त्याने, एस्प्रेसो नाही, पण कडक कॉफी होते आणि उंचीवर फारसं बिघडत नाही कारण तो बंद भांड्यात स्वतःचंच प्रेशर करतो. खाली भरायचं पाणी आधी उकळून घ्या आणि आच बारीक. त्यालाही गॅस लागणारच, तेव्हा मीरपूडताईंच्या डब्यात भागीदारी करा.