'मेंदूचा पक्षाघात' म्हणावं की नुसतं 'सीपी'?

अंबाईटँक: अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पालकांसाठी पत्रक मराठीत करतोय. सेरेब्रल पाल्सीला (सीपी; वाढत्या मेंदूला इजा झाल्यानं हालचालींत येणारा कायमचा दोष) 'मेंदूचा पक्षाघात' लिहिलं, तर एका आईनं विचारलं, "आजोबांना झाला तोच ना? पण ते एका रात्रीत पडले, हा तर पहिल्यापासनं असाच." दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेल्हाळ: सरकारी मराठीत रुळलेला शब्द आहे, बदलू नका. मूळ 'पाल्सी' तरी काय, 'पॅरालिसिस'च झिजून झालाय.

पंचगंगाकाठ: पण पक्ष म्हणजे बाजू. एक अंग गेलं की पक्षाघात. कमी दिवसांच्या पोरांत बहुतेकदा दोन्ही पाय ताठरतात, हात त्यामानानं बरे. मग कुठला पक्ष? आमच्यात 'अंगावरनं वारं गेलं' म्हणत्यात, तेही नको, लोक देवऋषी गाठतात.

पेटीतली_सिस्टर: सरळ 'सीपी' लिहा. फक्त कोल्हापुरात एक घोळ होतो. "पोराला सीपी आहे" म्हटलं की आत्याबाई विचारतात, "सीपीआरला का ठेवलंय?" सीपीआर म्हणजे इथलं मोठं सरकारी रुग्णालय.

अंबाईटँक: 😄 बरं, 'सीपीचा दर' चालेल?

पेटीतली_सिस्टर: दर गुळाचा. 'प्रमाण' म्हणा. एकूण हजार जन्मांत साधारण दोन, 28 आठवड्यांआधीच्या बाळांत कितीतरी पट. आणि हेही लिहा: परदेशात 1970-80 च्या सुमारास ही बाळं जास्त तगायला लागली, तसं त्यांच्यातलं सीपीचं प्रमाणही चढलं, पुढं उतरलं. प्रसूतीआधी आईला मॅग्नेशियम सल्फेट दिलं तर धोका घटतो. आया बाळाला ऊब देणाऱ्या पेटीच्या (इन्क्युबेटरच्या) भोकातनं एक बोट आत घालून बसतात, बाळ ते धरतं. त्यांना 'जीवितता' वगैरे वाचायला लावू नका.

शब्दवेल्हाळ: 'तगणं' हे रोपाचं, माणसाचं नव्हे.

पंचगंगाकाठ: आमची आज्जी मलाच म्हणायची, "सातमाशी हुतास, तगलास."

जुनाराजवाडा: सातमाशी तगतं, आठमाशी न्हाई, हे खरं का?

पेटीतली_सिस्टर: उलटं. पोटात जितके आठवडे जास्त, तितकं बरं.

शब्दवेल्हाळ: आयुर्वेदात आठव्या महिन्यात ओज, म्हणजे जीवनशक्ती, अस्थिर सांगितलंय, समजूत तिथली असावी.

अंबाईटँक: मंडळी, पत्रक सोमवारी छापायला द्यायचंय. पक्षाघात ठेवू की काढू?

जुनाराजवाडा: ते सातमाशी का सातमासी? मास म्हणजे महिना, मग श कुठनं आला?