टीबीच्या गोळ्या फुकट, पण पोटाचं काय?

सुजाता, गोवंडी:
नऊ वर्षं टीबी रुग्णांच्या घरी जातेय. गेल्या महिन्यात जरीकाम करणाऱ्या एका चोवीस वर्षांच्या मुलाने गोळ्यांची पाकिटं माझ्यापुढे ठेवली. अकरा दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या. "ताई, उपाशीपोटी घेतल्या की सगळं उलटून पडतं." वजन ३८ किलो. खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो, खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. असंच चाललं तर नोंदवहीत "उपचार सोडले" असा शेरा पडेल. तो शेरा लिहिताना माझा हात थांबतो. लोक याला गरिबी, नशीब म्हणतात. मी अन्याय म्हणते.

विनायक, पुणे:
ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहेच. पण अन्याय म्हटलं की तो करणारा कुणीतरी लागतो. इथे कोण? माझ्या वडिलांनाही टीबी झाला होता, आणि आमच्या घरी खायची ददात नव्हती. तपासणी फुकट, औषध फुकट. टीबी रुग्णांच्या आहारासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला ५०० रुपये होते, ते नोव्हेंबर २०२४पासून १००० झाले. पैसे खात्यात येतात आणि भलतीकडे जातात, हे मी आमच्या कामगारांत पाहिलंय. शिवाय युरोपात स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे टीबीवरचं पहिलं गुणकारी औषध, यायच्या कितीतरी आधीपासून टीबीचे मृत्यू घटत होते. रोजगार वाढवा, टीबी हटेल.

सुजाता:
वडील बरे झाले असतील अशी आशा करते. त्यांना सहा महिने कामावर खाडा झाला तरी घरात चूल पेटत होती, हाच तर फरक आहे. भलतीकडे म्हणजे कुठे, दादा? खोलीभाड्यात. १००० रुपये म्हणजे दिवसाला ३३. दोन अंडी, दोन केळी, संपले. आणि करणारा कोण विचारलंत, तर इकडच्या पुनर्वसन इमारती बघायला या. दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर, ऊन-वारा आत येत नाही आणि टीबी पसरतो. तो नकाशा कुणीतरी काढला, कुणीतरी मंजूर केला.

मेघना, डॉक्टर, नागपूर:
विनायक, युरोपचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. तिथे अन्न आणि घरं सुधारली, हे मृत्यू घटण्याचं एक मोठं कारण मानतात. आपल्याकडचा पुरावाही आहे. अनुराग आणि माधवी भार्गव या डॉक्टरांनी झारखंडच्या चार जिल्ह्यांत अभ्यास केला, २०२३मध्ये तो प्रसिद्ध झाला. रुग्णांना सगळीकडेच शिधा मिळाला. निम्म्या गटात घरातल्या बाकीच्यांनाही दिला: माणशी महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. त्या घरांत नवा टीबी ३९ टक्के कमी झाला. तांदूळ-डाळीने! मी हे वाचलं त्या रात्री मला माझे जुने रुग्ण एकेक करून आठवले.

फ्रान्सिस, मडगाव:
औषधाचंही बघा. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरच्या बेडाक्विलिन या गोळीला अमेरिकेत २०१२मध्ये मंजुरी मिळाली. भारतात त्याच्या पेटंटची मुदत लांबवू नये म्हणून मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले लढल्या. टीबीच्या जुन्या, विषारी औषधांनी दोघींची श्रवणशक्ती गेली होती. मार्च २०२३मध्ये पेटंट कार्यालयाने बेडाक्विलिनच्या कंपनीचा मुदतवाढीचा अर्ज फेटाळला.

विनायक:
पेटंटच नसेल तर नवं औषध शोधायला पैसा कोण घालेल? याचं उत्तर इथे कुणी दिलेलं नाही.

फ्रान्सिस:
मूळ पेटंटची मुदत कंपनीने पूर्ण उपभोगली. त्या दोघींचा आक्षेप मुदत लांबवण्याला होता.

विनायक:
झारखंडचं मला माहीत नव्हतं. शिधा घरातल्या सगळ्यांना द्यावा, हे पटलं. "अन्याय" या शब्दावर मात्र माझं मत तेच आहे. ताई, त्या मुलाला सहा महिन्यांचा शिधा मी देतो. निक्षय मित्र, म्हणजे रुग्णाला मदत करणारा दाता, म्हणून नाव नोंदवायचं ना?

सुजाता:
हो, नोंदवा. पण शब्दाचं भांडण मी सोडणार नाही. त्याच्याच गल्लीत अजून सात रुग्ण आहेत, त्यांनी कुणाच्या दयेची वाट बघायची? आणि शिधा एकट्याचा नको. त्याच खोलीत आई आणि दोन बहिणी झोपतात. धाकटीला तीन आठवडे खोकला आहे, सोमवारी तिची थुंकी तपासायला नेतेय.